शार्लोट तलाव, पण मागच्या दाराने: भिवपुरीहून माथेरानचा एक दिवस

माथेरानचा शार्लोट तलाव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाडांमागे सूर्य बुडत होता. ऐकायला हे छान वाटतं, पण तेव्हा पोटात गोळा आला होता. आम्ही ऑफिसातले तिघे, तिघांत मिळून अर्धी बाटली पाणी, एक मोबाइल बंद, दुसरा बंद पडायच्या बेतात आणि परतीची टॅक्सी मिळते तो दस्तुरी नाका अजून तास-सव्वा तास लांब. डोंबिवलीला घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आई दारातच उभी होती. "माथेरानला जातो म्हणाला होतास ना, की हिमालयात?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर ही वाट मी सात-आठ वेळा केली. कधी मित्रांबरोबर, दोनदा पुतण्याला घेऊन, एकदा साठीच्या मामांबरोबर. वाट तशी अवघड नाही, दोर लागत नाही की कातळ चढायचा नाही. पण मुंबईकर नवखा माणूस इथे नेमक्या कुठे चुकतो ते मला पाठ झालंय, कारण त्यातली प्रत्येक चूक मी स्वतः केली आहे.

थोडक्यात बेत असा. सकाळी लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं, पाली-भुतिवली धरणाच्या बाजूने सागाच्या वाडीमार्गे गार्बेटच्या पठारावर चढायचं, तिथून गार्बेट पॉइंटला माथेरानात शिरायचं, बाजार ओलांडून शार्लोट तलाव गाठायचा आणि संध्याकाळी दस्तुरीहून नेरळला उतरून घरी. नेरळहून टॅक्सीने आलेल्या माणसालाही तोच तलाव दिसतो, पण त्याने तो फक्त पाहिलेला असतो. आपण त्याच्यासाठी सातशे-एक मीटर चढून आलेलो असतो.

१. आधी परतीची वेळ ठरवा, मग गजर लावा

सगळे जण सकाळपासून पुढे मोजतात: सहाची लोकल, आठला चढायला सुरुवात, वगैरे. तुम्ही उलटं मोजा. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि माथेरानच्या झाडीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. म्हणून पाच वाजता दस्तुरी नाक्यावर टॅक्सीत बसलेलं असायचं, हा खुंटा पक्का करायचा आणि तिथून मागे यायचं.

तलावापासून दस्तुरीपर्यंत चालत सव्वा तास धरा. म्हणजे तलाव पावणेचारला सोडायचा. तिथे तासभर बसायचं असेल तर पावणेतीनला पोहोचायला हवं. बाजारात जेवण आणि विश्रांती मिळून पाऊण तास, बाजार ते तलाव अर्धा तास. म्हणजे बाजारात दीडला. गार्बेट पॉइंटपासून बाजार सावकाश पावलांनी दीड तास, म्हणजे पॉइंटवर बाराला. पठारावरून पॉइंटपर्यंत तास-सव्वा तास, म्हणजे पठारावर पावणेअकराला. स्टेशनपासून पठारापर्यंत नवख्यांना तीन तास लागतात. हिशोब आला पावणेआठवर. तेव्हा भिवपुरीला साडेसात, फार तर पावणेआठला उतरायचंच.

आता या सगळ्यातून एक नियम निघतो. साडेअकरापर्यंत पठारावर पोहोचला नाहीत, तर त्या दिवशी तलाव नाही. पठारावर डबा खायचा, खालचं धरण बघायचं आणि आल्या वाटेने भिवपुरीला उतरायचं. हा नियम घरी असतानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर तो कुणालाच पटत नाही. आम्हालाही पटला नव्हता, आम्ही पठारावर एक वाजता पोहोचलो होतो.

२. महिना आणि वार

नवख्यांसाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ. सुरुवातीला सगळं हिरवं आणि ओढ्यांना थोडं पाणी असतं, डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि थंड. मार्चनंतर खालच्या उघड्या उतारावर ऊन असं भाजतं की वर पोहोचेपर्यंत डोकं धरतं.

पावसाळ्याचं काय? गार्बेटचे फोटो बघून निम्मे लोक जुलैतच जायचं म्हणतात. धुकं, धबधबे, हिरवं पठार, खरंच देखणं असतं ते. पण पहिला ट्रेक तेव्हा करू नका. मातीची वाट साबणासारखी होते, ओढा तासाभरात गुडघ्यावरून कमरेवर येतो आणि पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. हे डोंगर पावसात किती बेभरवशाचे असतात ते १९ जुलै २०२३ च्या रात्री याच परिसरातल्या इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीने दाखवलं. शिवाय पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांवर जायला जिल्हा प्रशासन अनेकदा बंदी घालतं. असा आदेश असताना गेलात तर पोलीस खालूनच परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

वाराबद्दल सांगायचं तर, एकांत हवा असेल तर रविवार सोडा. रविवारी आणि सुट्ट्यांना तलावाच्या काठावर घोडे, कणसं, फोटो आणि आरडाओरडा. मंगळवार-बुधवारी एक रजा टाकली तर त्याच काठावर तुम्ही, दोन-चार बगळे आणि पिसारनाथाच्या देवळातली घंटा. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि लागून आलेल्या सुट्ट्या यांच्या वाटेला जाऊच नका.

३. सोबत

एकट्याने नाही. चार ते सहा जण उत्तम. दहाच्या वर गेलात की पुढचे आणि मागचे यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडतं आणि दिवसाचा हिशोब कोलमडतो. त्यातला एक जण तरी ही वाट आधी केलेला असावा. तसा कुणी नसेल तर पायथ्याच्या गावातून किंवा वाडीतून वाटाड्या घ्या. पैसे निघण्याआधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. शनिवारी मॉलमध्ये एका कॉफीला जेवढे देतो, त्याचा विचार मनात आणा.

मुलं न्यायची तर दहा वर्षांच्या पुढची आणि चालायची सवय असलेली. गुडघे दुखणाऱ्या मोठ्यांनी चढायला हरकत नाही, कारण या बेतात उतरणं टॅक्सीने आहे. आमच्या मामांना म्हणूनच नेता आलं.

४. सॅकमध्ये काय

- प्रत्येकी तीन लिटर पाणी. "वाटेत मिळेल" या भरवशावर राहू नका. डिसेंबरनंतर ओढे आटतात.
- ओआरएसची दोन पाकिटं.
- डबा: पोळीभाजीची गुंडाळी किंवा थेपले. वर गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी, संत्री. चिप्सनी तहान वाढते.
- चांगली पकड असलेले बूट. महागाचे नकोत, ॲक्शनचे साधे ट्रेकिंग बूट आमच्यापैकी अर्ध्यांनी वर्षानुवर्षं वापरलेत. नवे असतील तर आधी आठवडाभर ते घालून ऑफिसला जा.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट. कारवीची झुडपं आणि गवत पाय ओरबाडतं.
- टोपी, मोजे एक जोड जास्त, एक पातळ टॉवेल.
- टॉर्च. मोबाइलचा दिवा म्हणजे टॉर्च नव्हे.
- पॉवर बँक आणि आधीच उतरवून घेतलेला ऑफलाइन नकाशा.
- रोख पैसे, सुट्यांसकट. वर नेटवर्क रुसलं की यूपीआयचं काही चालत नाही.
- ओळखपत्र, आणि एका कागदावर घरच्यांचा नंबर, रक्तगट आणि चालू असलेली औषधं.
- क्रेप बँडेज, जंतुनाशक, पट्ट्या, नेहमीच्या गोळ्या.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

सॅक पाठीवरचीच हवी. एका खांद्यावरची ऑफिसची बॅग घेऊन आलेला एक मित्र दुसऱ्या चढावर ती आळीपाळीने सगळ्यांना द्यायला लागला होता. सुगंधी अत्तर, डिओ मारून येऊ नका. झाडांवर आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यांना तीव्र वास आणि धूर दोन्ही खपत नाही.

५. लोकल

मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल. सीएसएमटीहून भिवपुरी रोडला साधारण दोन तास लागतात, ठाण्याहून सव्वा तासाच्या आसपास. नेरळच्या पुढचं आणि कर्जतच्या अलीकडचं स्टेशन.

इथले सापळे तीन. पहिला, इंडिकेटर. "एस" म्हणजे कर्जत, "केपी" म्हणजे खोपोली, "एन" म्हणजे कसारा. कल्याणला फाटा फुटतो आणि झोपेत कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर जाग आसनगावला येते. दुसरा, बदलापूर आणि अंबरनाथच्या गाड्या. "निदान तिथपर्यंत तरी जाऊ" म्हणून त्यात चढतात आणि मग बदलापूरच्या फलाटावर पुढच्या कर्जतची वाट बघत उभे राहतात. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं आणि पाऊण तास तिथेच गेला. तिसरा, रविवारचा मेगाब्लॉक. सकाळी तो आडवा येत नाही, पण दुपारनंतर गाड्यांचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. आदल्या दिवशी बघून ठेवा.

पश्चिम रेल्वेवरच्या मंडळींनी दादरला गाडी बदलायची. हार्बरवाल्यांना कुर्ल्याला. परतीचं तिकीट आत्ताच काढू नका, परतताना चढायचं स्टेशन वेगळं आहे.

आणि नाश्ता घरून किंवा गाडीतच करून घ्या. भिवपुरी छोटं स्टेशन आहे, इतक्या सकाळी गरम वडापावची आशा धरू नये.

६. स्टेशन ते धरण

स्टेशनवर उतरलात की पश्चिमेला माथेरानची लांबच लांब भिंत दिसते. तीच आपली दिशा. फलाट ओलांडायला पूल वापरा, रुळांवरून जाऊ नका. दिवसाची सुरुवात रेल्वे पोलिसांच्या दंडाने कशाला करायची?

डिकसळ गावातून धरणाकडे चालायला लागायचं. नकाशात बघत बसण्यापेक्षा माणसांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "माथेरानला कसं जायचं?" विचारलंत तर लोक प्रामाणिकपणे नेरळची वाट दाखवतात. "काका, सागाच्या वाडीला कुठून?" असं विचारा. एकदा नाही, दर फाट्यावर.

धरणाचं पाणी दिसलं की सगळ्यांना पोहायचा मोह होतो. नको. धरणाचा तळ एकसारखा उतरता नसतो, गाळात पाय रुततो आणि मुंबईच्या जलतरण तलावात शिकलेल्या पोहण्याचा तिथे उपयोग होत नाही. काठावर पाच मिनिटं बसा, बुटांच्या नाड्या पुन्हा आवळा, पुढे चला.

७. वाडीपर्यंतचा चढ

खरा घाम इथे निघतो. उतार बराचसा उघडा, झाड कमी, गवत जास्त. सकाळी लवकर या म्हणतोय ते यासाठीच: साडेनऊनंतर सूर्य थेट पाठीवर येतो. पूर्वेकडचा उतार आहे हा.

वेग असा ठेवा की चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागते म्हणजे वेग जास्त झाला. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं उभ्यानेच विश्रांती, दोन घोट पाणी. बसकण मारलीत की पाय थंड पडतात आणि उठवत नाही.

आता या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका: ढोरवाटा. गुरं चरायला जातात तिथे त्यांच्या पायांनी वाटा पडतात आणि त्या आपल्या वाटेहून जास्त ठळक दिसतात. नवखा माणूस रुंद वाट धरतो आणि वीस मिनिटांनी ती वाट एखाद्या झुडपाशी विरून जाते. गुरांना वर जायचं नसतं, चरायचं असतं. ओळखायचं कसं? ढोरवाट उताराला आडवी जाते, थोड्या थोड्या अंतरावर तिला समांतर दुसऱ्या वाटा दिसतात आणि झाडांच्या फांद्या माणसाच्या छातीच्या उंचीवर वाटेत आडव्या आलेल्या असतात. माणसांच्या मळलेल्या वाटेवर फांद्या मोडलेल्या, दगड गुळगुळीत झालेले आणि, सांगायला वाईट वाटतं, बिस्किटांचे कागद पडलेले असतात. चुकल्यासारखं वाटलं तर पुढे जाऊन "कुठेतरी मिळेलच" म्हणू नका. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथपर्यंत मागे या. दहा मिनिटं वाया जातात, पण दिवस वाचतो. आम्ही पहिल्या वेळी पुढेच गेलो. कारवीच्या रानात शिरलो आणि पाऊण तासाने ज्या दगडावर चहा प्यायलो होतो त्याच दगडाशी परत आलो.

(कारवीचं रान म्हणालो म्हणून सांगतो: ही सात वर्षांनी एकदा फुलते. ज्या वर्षी फुलते त्या वर्षी उतार जांभळा होतो. काठ्या मात्र कायम तशाच टोचतात.)

सागाची वाडी आली की श्वास घ्या. थोडी घरं, अंगणं, कोंबड्या. इथे पाणी मागितलं तर मिळतं, पण उन्हाळ्यात ते पाणी कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं, हे लक्षात असू द्या. बाटल्या भरून मागू नका. घरांचे, बायकामुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटायची सवय लावू नका. एखाद्या मावशी चहा, पोहे करून देत असतील तर तिथे पैसे खर्च करा. पुढची वाट इथेच पुन्हा विचारून घ्या: "पठारावर कुठून?"

८. पठार

शेवटचा चढ संपतो आणि अचानक सगळं सपाट होतं. गार्बेटचं पठार माथेरानच्या मुख्य डोंगराला जोडलेल्या सोंडेवर आहे. खाली मघाचं धरण आता निळ्या काचेच्या तुकड्याएवढं दिसतं. पूर्वेला कर्जतचं खोरं, त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य धार. ऑक्टोबरात इथल्या गवतात रानफुलं असतात. वाटेवरूनच चाला, फोटोसाठी त्यात लोळू नका.

खरं सांगायचं तर एकांतातलं पाणी हवं असेल तर ते हेच: वरून दिसणारं, ज्यापर्यंत हात पोचत नाही ते. दुपारपर्यंत इथेच बसावं आणि परत फिरावं असं मला दरवेळी वाटतं. साडेअकराचा नियम पाळून परत फिरावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, एवढंच.

धारेपासून निदान दोन पावलं मागे. गवत कड्याच्या कडेच्याही बाहेर वाढतं, खाली जमीन आहे असं वाटतं आणि नसते. सेल्फी घेताना पाठ दरीकडे करून मागे सरकणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि ओरडलोही आहे.

९. गार्बेट पॉइंट आणि बाजार

पठारावरून मुख्य डोंगराकडे जाणारी वाट झाडीत शिरते आणि एकदम गारवा जाणवतो. शेवटचा टप्पा उभा आहे. घसाऱ्यावर हाताचा आधार घ्या, पुढच्याच्या पायाखालून दगड निसटतो तेव्हा मागच्याने थोडं अंतर ठेवा. वर आलात की पायाखालची माती लाल झालेली असते. ही जांभ्याची माती माथेरानभर सोबत करते आणि पांढरे मोजे कायमचे लाल करून सोडते.

इथून पुढे वाट चुकायचं कारण नाही. पाट्या आहेत, माणसं आहेत, घोडे आहेत. माथेरानात दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे आणि २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. म्हणूनच इथे अजून झाडांचा आवाज ऐकू येतो. घोडा मागून आला तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभे राहा, दरीकडच्या नाही.

नगरपरिषद पाहुण्यांकडून प्रवेश कर घेते. आपण पायवाटेने मागून आलो म्हणून तो चुकवण्यात शहाणपणा नाही. नाक्यावर भरून टाका.

बाजारात जेवण, चहा, लिंबू सरबत सगळं मिळतं. चिक्की आणि चामड्याच्या चपला परत येताना घ्या. आत्ता घेतल्यात तर तलावापर्यंत ओझं वाहावं लागेल आणि चिक्की माकडं नेतील. ही अतिशयोक्ती नाही. प्लास्टिकची पिशवी खुळखुळली की माकड झाडावरून खाली येतं. खाण्याचे पदार्थ सॅकच्या आत, चेन लावून. पिशवी ओढलीच तर सोडून द्या, झटापट करू नका. माकड चावलं तर नुसतं मलम लावून भागत नाही, रेबीजची लस घ्यावी लागते.

१०. तलाव

बाजारातून शार्लोट तलावाकडे जाणारी वाट पूर्ण सावलीची आहे. शेवटच्या वळणापर्यंत पाणी दिसत नाही आणि मग एकदम झाडांमध्ये पसरलेलं दिसतं. आकाराने फार मोठा नाही. पहिल्यांदा येणारे कधीकधी "एवढाच?" म्हणतात. दहा मिनिटं गप्प बसा, मग पुन्हा बघा.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढला आणि इंग्रजांचं माथेरान सुरू झालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात ठाकर, धनगर, कातकरी वावरत होते, आणि तलावाकाठचा पिसारनाथ हा इथला ग्रामदेव. लेक, पॉइंट, हिल अशी नावं वर चढली, पण गावाचा देव अजून पिसारनाथच आहे. देवळात बूट बाहेर काढून जा.

आता महत्त्वाचं. तलावाचं पाणी माथेरानच्या पिण्याचं आहे. पोहणं नाही, पाय सोडून बसणं नाही, डबे धुणं नाही. इथे माणसं बुडाली आहेत, आणि त्यातली बरीचशी "फक्त कडेकडेने" उतरलेली होती. काठ निसरडा आहे. मुलांचा हात सोडू नका.

वेळ उरला असेल तर जवळचे लॉर्ड पॉइंट, सिलिया पॉइंट बघून या. पश्चिमेकडच्या पॉइंटांवरून समोर प्रबळगडाचं पठार दिसतं. वेळ उरला असेल तरच. घड्याळात पावणेचार झाले की उठायचं.

११. दस्तुरी, नेरळ, घर

तलावावरून बाजार, बाजारातून दस्तुरी नाका. चालायचं नसेल तर माथेरान स्टेशनवरून अमन लॉजपर्यंत शटल गाडी आहे, अमन लॉज म्हणजे दस्तुरीच. ही १९०७ पासूनची छोटी रेल्वे. नेरळपर्यंतची गाडी पावसाळ्यात बंद असते, शटल चालू राहते. शटलची वेळ दुपारी बाजारातून जातानाच स्टेशनवर बघून ठेवा. तिकिटाच्या रांगेत गाडी सुटून गेली असं माझं दोनदा झालंय. आता मी सरळ चालतो. रुळांशेजारून, सपाट आणि सावलीतून.

दस्तुरीला नेरळसाठी सीटवर टॅक्सी मिळते. पाच-सहा जण असाल तर एक पूर्ण गाडी होते. रविवारी साडेपाचनंतर इथे रांग लागते आणि ती हलत नाही. पहिल्या वेळी आम्ही तिथे दीड तास उभे होतो. घाटात उलटीचा त्रास होत असेल तर पुढची सीट मागून घ्या, लाजू नका, वळणं खरंच कडक आहेत. नेरळला उतरून पायी जाणारी वाटही आहे, पण दिवसभर चढून आलेल्या गुडघ्यांना अंधारात ती करायला लावू नका.

१२. काही बिनसलं तर

पाय मुरगळला तर बूट काढू नका, सुजलेला पाय परत आत जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा आणि जवळच्या वस्तीकडे सावकाश चला. पठाराच्या अलीकडे असाल तर सागाची वाडी, पलीकडे असाल तर माथेरान.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय फळीसारखा स्थिर ठेवून माणसाला उचलून खाली न्यायचं आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचायचं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. या भागात फुरसं असतं, ते सुकलेल्या पानांत दिसतही नाही. दगडावर बसण्याआधी काठीने आपटून बघा.

वाट पूर्ण हरवली आणि अंधार पडला तर चालणं थांबवा. पाण्याच्या आवाजाच्या दिशेने उतरू नका, ओढा तुम्हाला कड्याकडे नेतो. मोकळ्या जागी बसा, सगळे एकत्र, नेटवर्क मिळेल तिथून ११२ लावा. म्हणूनच निघण्याआधी घरी एक माणूस असा ठेवा ज्याला तुमची वाट आणि "सातपर्यंत फोन आला नाही तर" हे वाक्य दोन्ही माहीत आहे. मी आईला आता नेरळ स्टेशनवरून तिकीट काढताना फोन करतो. ती पहिला प्रश्न विचारते, "चिक्की घेतलीस का?"